बांधीतला ट्रॅक्टर आणि तलावातला पंखा

पावसाळा तोंडावर आला की जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या तलावावर पूरबचावाची रंगीत तालीम होते. रबरी बोट पाण्यात ढकलतात, मागच्या फळीवर आउटबोर्ड इंजिन कसतात, दोन जवान बसतात आणि बोट अशी सुटते की काठावरची पोरं शिट्ट्या मारतात. इंजिनाला इथे सगळे ‘ओबीएम’ म्हणतात. मग त्याच बोटीत आठ माणसे बसवतात. थ्रॉटल तेवढाच, पेट्रोल तेच. पण आता बोटीचे नाक आभाळाकडे जाते ते खाली येतच नाही, मागची बाजू दबते, इंजिन कण्हते, मागे पाण्याचा ढिगारा उठतो आणि बोट बैलांच्या रेंगीच्या चालीने निघते. काठावर एक सल्ला हमखास ऐकू येतो, “इंजिनच लहान घेतलं.”

बहुतेक वेळा इंजिन लहान नसते. त्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढा एक पंखा असतो, तो चुकीचा असतो. खोक्यातून जो निघाला तो बसवला आणि पुढची दहा वर्षे तोच फिरला, असा आपला शिरस्ता आहे. इंजिनासाठी निविदा निघतात, चर्चा होतात, हार घालून फोटो निघतात. पंख्याच्या मापाविषयी कुणी अवाक्षर काढल्याचे मी पाहिलेले नाही.

हा विषय समुद्रकाठचा आहे, गोंदियाला त्याचे काय, असे वाटू शकते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला; तलाव मात्र त्याच्या किती तरी आधीचे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे सांगतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गाढवी नदीवर इटियाडोह धरणाचा पसरलेला जलाशय आहे. उत्तरेला बाघ, पश्चिमेला वैनगंगा. या पाण्यावर ढिवर समाजाचा डोंगा चालतो आणि त्याला पंखा लागत नाही. एक बांबू आणि एक शहाणा माणूस पुरतो. पण ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, वैनगंगा गावात शिरली, आणि भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत माणसे काढायला बोटी लागल्या. त्या दिवसांत डोंगा पुरेसा नव्हता. शिवाय पर्यटनाच्या बोटी आहेत, जलाशयावर गस्तीच्या बोटी आहेत, शेजारी गोसेखुर्दला जलपर्यटनाचा प्रकल्प आहे. यंत्राची बोट इथे पाहुणी राहिलेली नाही.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. मासेमारीत आणि बचावकामात जगभर चालणारे यामाहाचे ४० एचपीचे एन्ड्युरो इंजिन घ्या. त्याच्या पंख्यावर ‘११ ३/८ × १२’ असे काहीसे दिसेल. पहिला आकडा व्यास, इंचात. दुसरा पिच. पंखा एक पूर्ण फेरा फिरला आणि पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर तो स्क्रूप्रमाणे जितका पुढे सरकला असता ते अंतर म्हणजे पिच. इथे ते बारा इंच. पिच म्हणजे सायकलचा गिअर. जास्त पिच म्हणजे जड गिअर: सपाट रस्त्यावर पळते, चढावर पाय भरून येतात. कमी पिच म्हणजे हलका गिअर: चढ चढते, पण सपाटीवर पाय नुसतेच गरगरतात.

पाणी लाकडासारखे घट्ट नसते. आणि हे समजावून सांगायला गोंदियाइतका चांगला जिल्हा नाही, कारण इथल्या प्रत्येकाने धानाच्या बांधीत चिखलणी करणारा ट्रॅक्टर पाहिलेला आहे. केज व्हील गरागरा फिरते, चिखल मागे उडतो आणि ट्रॅक्टर मात्र चाकाच्या फेऱ्याच्या हिशेबापेक्षा कमीच पुढे जातो. चाक फिरले किती आणि गाडी गेली किती, यातला फरक म्हणजे स्लिप. पंख्याचेही अगदी तसेच. थोडी स्लिप असणे गरजेचेच आहे. पाणी मागे लोटल्याशिवाय बोट पुढे जाणार कशी? हलक्या, तासलेल्या स्पीडबोटीला ती दहा-पंधरा टक्के असते, आपल्या लदलेल्या रबरी बोटीला तीस टक्के असली तरी तक्रार करू नये. पन्नासवर गेली की समजावे, चाक रुतले आहे.

आता थोडे गणित. भातगिरणीत पट्टा आणि पुलीचा हिशेब करणाऱ्या कुणालाही ते जमेल. इंजिनाचे आरपीएम घ्यायचे, गिअरच्या गुणोत्तराने भागायचे, पिचने गुणायचे आणि आलेल्या आकड्याला ०.००१५२४ ने गुणायचे. ताशी किलोमीटरमध्ये कागदावरचा वेग मिळतो. वर सांगितलेल्या इंजिनात गिअर दोनास एक आहे. म्हणजे ५००० आरपीएमला पंखा २५०० फेरे घेतो, बारा पिचने कागदावर ४५.७ किलोमीटर होतात, तीस टक्के स्लिप वजा केली की पाण्यावर ३२. आता समजा, आठ माणसे बसल्यावर पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ४००० च्या वर जातच नाहीत आणि मोबाइलचा जीपीएस १७ दाखवतो. कागदावर ३६.६ आणि पाण्यावर १७. स्लिप निम्म्याच्या वर. या दोन आकड्यांत सगळे निदान आहे.

इंजिनाचा कारखाना पूर्ण थ्रॉटलची एक पट्टी ठरवून देतो. या इंजिनासाठी ती ४५०० ते ५५०० आरपीएम आहे. पूर्ण भार, पूर्ण थ्रॉटल आणि काटा या पट्टीच्या आत, जमल्यास वरच्या निम्म्यात: पंखा निवडण्याचा सगळा शास्त्रार्थ एवढाच. काटा खाली राहिला तर पिच जास्त आहे. तसे इंजिन कुथत चालते, तापते, कार्बन धरते, पिस्टनवर भलताच भार येतो, आणि सगळे म्हणतात की “जपून, कमी आरपीएमवर चालवतो आम्ही.” तेच जपणे त्याला मारते. उलट काटा पट्टीच्या वर गेला तर पिच कमी आहे, आणि इंजिन रिकाम्या गिरणीसारखे पळते. पिच एक इंच उतरवले की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, हे जगभर मानले गेलेले प्रमाण आहे. म्हणजे ४५०० च्या जरा खाली अडकलेल्या बोटीला बाराऐवजी दहाचा पंखा लावला की ती पट्टीच्या आत येते. त्याच इंजिनासाठी दहाचा पंखा मिळतोही, आणि त्याचा व्यास थोडा मोठा, पावणेबारा इंच असतो. नांगरटीचा गिअर म्हणा ना.

काट्याविषयी: हाताच्या दांड्याने (टिलरने) वळवायच्या छोट्या इंजिनांना आरपीएमचा काटा बहुधा नसतोच. स्पार्क प्लगच्या वायरीवर चार वेढे देऊन बसवायचा छोटा डिजिटल मीटर मिळतो. किंमत इंजिनाच्या मानाने नगण्य. तो नसताना पंख्यावर मत देणे म्हणजे थर्मामीटर न लावता ताप सांगणे.

लदलेल्या बोटीचे नाक खाली का येत नाही, ते असे. पंधरा फुटांची बोट पाणी कापत चालते तेव्हा तिच्या पुढे आणि मागे एकेक लाट उभी राहते, आणि बोट त्या दोन लाटांच्या मधल्या खळग्यात अडकते. खळग्यात असेपर्यंत तिच्या वेगाला मर्यादा असते, आणि ती ठरते पाण्यातल्या लांबीवरून. नौकाशास्त्रातला जुना ठोकताळा असा की फुटांतल्या लांबीचे वर्गमूळ घ्यावे, १.३४ ने गुणावे, नॉट मिळतात. पंधरा फुटांना ५.२ नॉट, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. याच्या वर जायचे तर बोटीला समोरच्या लाटेवर चढून पाण्याच्या पाठीवर यावे लागते. ती चढण पार झाली की नाक खाली येते, आवाज मोकळा होतो, आरपीएम उसळतात, पेट्रोलही कमी जळते. चढण पार झाली नाही तर एचपी कितीही असोत, तुम्ही त्या खळग्यात ढिगारा ढकलत बसता.

आता पुरातली वैनगंगा आणा डोळ्यांपुढे. पाण्याची ओढ ताशी दहा किलोमीटर आहे असे धरा. तलावावर ‘हळू का होईना, जाते तर’ म्हणून सोडून दिलेली, खळग्यातच अडकलेली आठ माणसांची बोट या ओढीविरुद्ध गावाकडे निघाली, तर ती जागच्या जागी उभी राहील. इंजिन गर्जतेय, पाणी उसळतेय, आणि काठावरचे झाड हलत नाही. हाच फरक दोन इंच पिचचा असू शकतो. म्हणून बचावाच्या बोटीचा पंखा दोन जवानांवर तोलायचा नसतो. आठ माणसे, इंधनाची टाकी, दोर, लाइफ जॅकेटे, सगळे धरून तोलायचा. नंतर दोघेच जाताना थ्रॉटल थोडा सोडून धरला की झाले.

चाचणी तलावावर घ्यावी. नदीवरच घ्यायची असेल तर जाताना आणि येताना दोन्ही वेग मोजून सरासरी काढावी, नाहीतर प्रवाहाचे श्रेय पंख्याला मिळते. आणि उंचीचा, उन्हाचा हिशेबही ठेवावा. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर. एवढ्या उंचीवर इंजिनाची ताकद तीनेक टक्के घटते. मेअखेरच्या ४४-४५ अंशांत हवा विरळ होते आणि आणखी थोडी जाते. कोकणात किंवा केरळात नवेकोरे असताना ‘बरोबर’ वाटलेला पंखा इथे थोडा जड वाटला तर नवल नाही.

पाती तीन की चार? चार पात्यांचा पंखा पाण्यावर पकड चांगली धरतो, लदलेल्या बोटीला चढणीवर लवकर चढवतो, वळणावर सुटत नाही. बदल्यात पन्नास-शंभर आरपीएम आणि वरचा थोडा वेग घेतो. आपल्या कामाला हा सौदा चांगला आहे. पण चार पात्यांचा पंखा पटकन मिळत नसेल तर त्यासाठी अडून बसू नये. योग्य पिचचा तीन पात्यांचा चुकीच्या पिचच्या चार पात्यांपेक्षा केव्हाही बरा.

स्टील की अ‍ॅल्युमिनियम, यावर मात्र मी ठाम आहे: अ‍ॅल्युमिनियम. स्टीलचे पाते पातळ ठेवता येते, भाराखाली वाकत नाही, वेग जास्त देते, दिसतेही देखणे. पण जलाशयाच्या बुडीत जंगलातले खुंट आणि वैनगंगेतले खडक यांच्याशी त्याची गाठ पडली की ते स्वतः वाकायला तयार नसल्याने सगळा धक्का गिअरच्या दातांपर्यंत पोचवते. अ‍ॅल्युमिनियमचे पाते स्वतः मरते आणि गिअरपेटी वाचवते. पंख्याच्या मध्यभागी रबराचे बुशही त्याचसाठी असते. ते सैल झाले की थ्रॉटल दिल्यावर इंजिन ओरडते आणि बोट ढिम्म राहते, क्लच घसरलेल्या मोटारसायकलसारखी. पंख्याच्या हबवर आणि बुशच्या आतल्या नळीवर सरळ रेषेत एकेक खूण करावी. फेरी मारून आल्यावर खुणा सरकलेल्या दिसल्या तर बुश गेले.

वाकलेले पाते ठोकून सरळ करायचा मोह आपल्याकडे जबर असतो. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची परंपरा शेजारी. हातोडीचा ठोका कुठे मारायचा हे कळणारे हात या भागात आहेत. कडेचा छोटा दुमड पक्कडीने आणि कानशीने काढावा. पण मुळापाशी वाकलेले पाते सरळ केले तरी तीनही पात्यांचे पिच सारखे राहत नाही, आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियम दुसऱ्यांदा वाकवले की तडकते. त्यापेक्षा तो पंखा भिंतीवर टांगावा. छान दिसतो.

पंखा बरोबर असूनही बोट फसते त्याचे दुसरे कारण इंजिनाची उंची. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या इंचभर खाली हवी. इंजिनाचा दांडा आखूड असेल तर १५ इंचांच्या फळीसाठी, लांब असेल तर २० इंचांच्या. खरेदीत ही गफलत होते: आखूड फळीवर लांब दांड्याचे इंजिन. मग पाच इंच लोखंड फुकट पाण्यात ओढले जाते आणि उथळ बांधावर पहिल्यांदा तेच आपटते. उलट इंजिन फार वर बसले तर पंखा वरून हवा ओढतो, आवाज एकदम चढतो, ओढ जाते. याला जो तो ‘कॅव्हिटेशन’ म्हणतो. ते कॅव्हिटेशन नव्हे. ती हवा शिरणे आहे. खरे कॅव्हिटेशन म्हणजे पात्याच्या पाठीवर दाब इतका घटतो की थंड पाणी तिथे उकळते. कुकरमध्ये दाब वाढवून पाणी उशिरा उकळवतो त्याच्या बरोबर उलटे. त्या बुडबुड्यांच्या फुटण्याने धातूला वाळवी लागल्यासारखे खड्डे पडतात. १८९४ मध्ये पाण्यात उतरवलेल्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या बोटीला चार्ल्स पार्सन्सने सुरुवातीला हव्या त्या वेगाला नेता आले नाही ते याच कारणाने. शेवटी एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर नऊ पंखे लावले तेव्हा ती पळाली. पंखा बदलून बोट सुधारण्याचा आणखी जुना किस्सा १८३७ चा. फ्रान्सिस पेटिट स्मिथ लंडनजवळच्या कालव्यात लाकडी स्क्रूची बोट चालवत होता. दोन वेढ्यांचा तो स्क्रू आपटून अर्धा तुटला, आणि बोट आधीपेक्षा जोरात गेली. तेव्हापासून पंख्याच्या बाबतीत अंदाजापेक्षा चाचणी खरी.

ट्रिम, म्हणजे इंजिनाचा झुकाव, पिनेच्या एका भोकाने बदलतो. इंजिन बोटीकडे आत घेतले की नाक खाली येते आणि चढण सोपी जाते; बाहेर सोडले की नाक उचलते. लदलेल्या बोटीला आतले भोक. त्याहून सोपा आणि फुकटचा उपाय: माणसे पुढे सरकवा. तालमीत आठपैकी सहा जण मागे इंजिनापाशी गर्दी करतात, कारण पुढे पाणी उडते. दोन धिप्पाड जवान नाकाशी बसवले की अडलेली बोट चढणीवर चढताना मी पाहिली आहे, पंखा न बदलता.

आपल्या पाण्याची स्वतःची म्हणून एक अडचण आहे, ती कुठल्याही इंजिनाच्या पुस्तकात ठळक छापलेली नसते: गवत आणि नायलॉन. तलावांच्या काठाला पाणवनस्पती, कमळाचे देठ, बेशरमची झुडपे. पंख्याला वेटोळे बसले की पाण्याची पकड जाते. थांबायचे, न्यूट्रलमध्ये घ्यायचे, क्षणभर मागचा गिअर देऊन सोडवायचे, नाही सुटले तर इंजिन बंद करून हाताने. गवत थंडाव्याचे पाणी आत घेणाऱ्या जाळीवरही चिकटते, म्हणून इंजिनाच्या बाजूने पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर डोळा ठेवायचा. धार बारीक झाली की थांबायचे, मग मागे आमदार बसलेले असोत.

नायलॉन जास्त लबाड. मासेमारीच्या जाळीचा सुटलेला धागा पंख्याच्या मागे शिरतो आणि दांड्याभोवती घट्ट गुंडाळला जातो. वरून काही दिसत नाही. तो हळूहळू सील कापतो, गिअरच्या तेलात पाणी शिरते, आणि तेल दुधाळ होते. म्हणून हंगामात दोन-तीनदा पंखा उतरवून बघावा: कॉटर पिन सरळ करून काढायची, नट सोडायचा, वॉशर, मग पंखा, आणि त्याच्या मागचे जाड थ्रस्ट वॉशर. दांड्याच्या दात्यांना ग्रीस लावून त्याच क्रमाने परत. एकदा अंधारात, घाईत, मी ते मागचे वॉशर चिखलात विसरलो. पंखा बसला, नट बसला, सगळे नीट दिसले. पाण्यात गेल्यावर दहा मिनिटांत पंख्याने गिअरपेटीच्या तोंडावर कानशीसारखे घासून चकचकीत कडे पाडले. त्या वॉशरची किंमत मी सांगत नाही, गिअरपेटीची आठवते. तेव्हापासून पंखा उतरवताना खाली जुने धोतर अंथरतो.

पाण्यात माणसे असताना उघडी पाती फिरवणे, हा सगळ्यांत नाजूक प्रश्न. पिंजरा बसवता येतो. त्याने वेग आणि ओढ दोन्ही कमी होतात, गवत अडकायला नवी जागा मिळते, पण बुडणाऱ्याचा पाय वाचतो. पिंजरा लावून पंखा नव्याने तोलावा लागतो, हे मात्र सगळे विसरतात. पंख्याऐवजी जेट लावावा, असेही सुचवले जाते: खाली काही लोंबत नाही, उथळ पाण्यात उत्तम. पण जेट साधारण तीस टक्के ताकद खातो, आणि गवताच्या तलावात त्याची जाळी सारखी तुंबते. पुरात वाहून आलेल्या तणसाने तर तो गुदमरेलच. थायलंडमधल्यासारखे लांब दांड्याचे इंजिन, ज्याचा पंखा गवत दिसले की उचलता येतो, मासेमारांच्या कामाला जास्त शोभेल. अलीकडे पात्यांची टोके एकमेकांत वळवलेल्या गोलाकार पंख्यांचा बोलबाला आहे. त्यांच्या किमतीत आपल्याकडे अख्खे इंजिन येईल, तेव्हा तूर्तास चित्रातच बघावेत.

पक्ष्यांच्या पाण्यावर वेगळा विचार हवा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये झाला. त्या परिसरातल्या तलावांवर हिवाळी पाहुणे उतरतात, तिथे चाळीस एचपीचा गोंगाट करून काय साधणार? निरीक्षणाला बारा व्होल्टची छोटी विजेची मोटर पुरते. पंचावन्न पौंड ढकलणारी अशी मोटर पूर्ण जोरात पन्नासेक अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासाची लेड अ‍ॅसिड बॅटरी निम्मी वापरायची म्हटली तर तासभर. अर्ध्या जोरात त्याच्या किती तरी पट वेळ, कारण पाण्यात वेग वाढवण्याची किंमत फार चढी असते. तिची पाती तलवारीसारखी मागे वळलेली असतात, गवत त्यांवरून घसरते.

बचावाच्या बोटींपाशी परत येऊ. माझ्या मते प्रत्येक बोटीबरोबर दोन पंखे हवेत, दोन्ही एकाच कमी पिचचे. एक लदलेल्या बोटीसाठी आणि एक हलक्यासाठी, हा शहाणपणा कागदावर चांगला. रात्री दोन वाजता पुराच्या काठावर चुकीचाच हाती येतो. पंख्यासोबत सुटे नट, दोन कॉटर पिना, वॉशर, पाना आणि पक्कड एका डब्यात, डबा दोराने बोटीला बांधलेला. इंजिनाच्या टोपीच्या आतल्या बाजूला रंगाने चार ओळी: पंख्याचे माप, आठ माणसांसह आरपीएम, जीपीएसचा वेग, तारीख. पुढच्या जूनमध्ये तोच तलाव, तेवढीच माणसे. आकडा दोनशेने उतरला असेल तर आधी पंख्याच्या कडा चाचपायच्या, मग मागचा नायलॉन, मग बुशची खूण, आणि त्यानंतर इंजिनाचे झाकण उघडायचे.